मसालेभाताची सुनावणी

काकांना सकाळी "गुड मॉर्निंग" म्हटलं, की ते शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढायचे, दाराबाहेर हात काढून तो धरायचे, आकडा बघायचे आणि मग विचारायचे, "कशावरून?" बरं, ही थट्टा नव्हती हो! त्यांना खरंच उत्तर हवं असायचं. मी नागपूरची. आमच्याकडे सकाळच्या नमस्काराला कोणी पुरावा मागत नाही. पहिल्याच आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, "अरे बापा, कोणाच्या घरात आणून ठेवलंस मला? म्हातारा पूर्ण सर्किट आहे." नवरा लॅपटॉपमधून डोकं न काढता म्हणाला, "यार, ऑफिस जवळ आहे, शाळा चांगली आहे. सर्किट तर सर्किट."

काका आता नाहीत. त्यामुळे मी काहीही लिहिलं तरी "कशावरून?" म्हणून उलटून विचारायला कोणी येणार नाही. याचं मला सुख व्हायला हवं होतं. होत नाही.

घर अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातलं, लाकडी, दोन मजली. खाली घरमालक काका एकटे, वर भाड्याने आम्ही तिघं: मी, नवरा आणि तेव्हा आठ वर्षांची असलेली आमची लेक. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काका शहराच्या पाणीखात्याच्या लॅबमधून रिटायर झालेले. नळाच्या पाण्यावर संशय घ्यायचा म्हणून या माणसाला आयुष्यभर पगार मिळाला. रिटायर झाल्यावर तो संशय त्यांनी साऱ्या जगावर घ्यायला सुरुवात केली, एवढंच.

त्यांचे खरे नातेवाईक मात्र तीनशे वर्षांपूर्वीचे होते. युरोपात तेव्हा काही डोकेबाज माणसं निघाली. राजा राजा का, धर्मगुरू म्हणतो ते खरं कशावरून, एकाला जन्मतःच मान आणि दुसऱ्याला जन्मतःच लाथ का, असले प्रश्न त्यांनी भर चौकात विचारले. त्या प्रश्नांतून पुढे राज्यं उलथली, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि आपण आज ज्या देशात व्हिसा घेऊन आलो तो देशही तयार झाला. हे सगळं मला काकांनीच सांगितलं, तेही मी बेसमेंटमध्ये कपडे वाळवत असताना. पण त्यांनी त्यांच्यापैकी एकाचंही नाव कधी घेतलं नाही. शेजारच्या गल्लीतले नातलग असावेत तसे बोलायचे. कायदा करणारा, तो राबवणारा आणि न्याय देणारा एकच माणूस नसावा असं सांगणारे ते "फ्रान्सचे जज्जसाहेब". राजाला देवाने नाही तर लोकांनी नेमलंय, नीट वागला नाही तर त्याला घरी पाठवा म्हणणारा तो "इंग्रज डॉक्टर". शिक्षा गुन्ह्याच्या बेताचीच हवी म्हणणारा तो "मिलानचा धाकटा". स्वतःच्या डोक्याने विचार करायची हिंमत धरा असं सांगून रोज ठरल्या वेळी फिरायला जाणारे ते "प्रशियाचे मास्तर". आणि विजा चमकत असताना पतंग उडवणारे ते आपले "पतंगवाले".

"अहो, पण नाव का नाही घेत?" मी एकदा विचारलं.

"नाव घेतलं की माणसं हात जोडतात," काका म्हणाले. "हात जोडले की डोकं बंद."

मी काही गप्प बसणारी नाही. म्हटलं, "हात जोडण्यासारखं काय आहे पण? याच देशात समतेवर लिहिणाऱ्यांच्या शेतावर गुलाम राबत होते ना?"

मला वाटलं, म्हातारा चिडणार. काकांचा चेहरा उलट उजळला. "होते! शंभर टक्के होते! आणि बाकीच्यांनी बायकांना माणसांत धरलंच नव्हतं. एका इंग्रज बाईला ओरडून विचारावं लागलं, आमचं काय म्हणून. म्हणून तर सांगतो, माणूस कच्चा असतो. विचार घ्यायचा, माणूस सोडून द्यायचा." त्या दिवसापासून त्यांनी मला बरोबरीचं मानलं. म्हणजे काय, तर दिवसातून दोनदा भांडायला वर येऊ लागले.

त्यांच्या स्वयंपाकघरात तीन खुर्च्या होत्या. पाहुण्यांसाठी नाहीत, पाहुणे यायचेच कुठे! एक कायदा करायची, एक तो राबवायची आणि एक न्यायाची. घरात वाद झाला की काका तिन्ही खुर्च्या वापरायचे. पहिल्या थंडीत हीटिंग किती ठेवायचं यावरून आमची जुंपली. ते म्हणणार स्वेटर घाला, मी म्हणणार भाडं स्वेटरसाठी देत नाही. काकांनी पहिल्या खुर्चीत बसून नियम केला, दुसरीत बसून तो भिंतीवर चिकटवला आणि तिसरीपाशी येऊन थबकले. "घरमालकाने स्वतःच्याच भांडणात जज्ज व्हायचं नाही." आणि त्यांनी माझ्या लेकीला न्यायाच्या खुर्चीत बसवलं. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिने दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाली, "काका, यू आर गिल्टी." काकांनी मुकाट्याने हीटिंग वाढवलं. इतका आनंदी हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि मतदान! कशावरही मतदान. चहात आलं घालायचं का, हात वर करा. अंगणातला बर्फ आज काढायचा की उद्या, हात वर करा. आमचा नवरा मीटिंगमध्ये असला तरी दारातून एक हात वर करायचा, कशासाठी ते न विचारता.

पण एक गोष्ट त्यांनी मला कधी विचारली नाही. इथे कोणी मराठी माणूस नव्याने भेटला की तीन प्रश्न येतातच: कुठले तुम्ही, कुठे काम करता आणि आडनाव काय. पहिले दोन निव्वळ पायऱ्या असतात. चढायचं असतं तिसऱ्यावर. माझं आडनाव ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांत काहीतरी हिशेब होतो आणि मग फार गोड आवाजात, "अरे वा, छान!" काय छान? आडनावात छान काय असतं, सांगा बरं! काकांनी विचारलंच नाही. पहिल्यांदा वर आले तेव्हा आमच्या हॉलमध्ये घटनाकारांचा फोटो दिसला. चपला दारात काढल्या, फोटोसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, "यांनी माझ्या सगळ्या मंडळींना वाचलं, कामाचं तेवढं घेतलं आणि जिथे ती मंडळी चुकली तिथे दुरुस्त केलं." मग वळून म्हणाले, "तुझ्या नळाला प्रेशर कमी येतंय का?" मला तेव्हा भरून आलं होतं. मी सांगितलं नाही.

आता मूळ गोष्टीवर येते.

आमच्या भागात एक छोटं मराठी मंडळ होतं, चाळीसेक घरांचं. त्याची घटना काकांनीच लिहिलेली. घरं चाळीस आणि सरकारच्या शाखा तीन! कार्यकारिणी वेगळी, नियम समिती वेगळी, तंटा समिती वेगळी. तंटा समितीकडे सगळ्या वर्षांत मिळून एकच तंटा गेला होता, तोही काकांचाच. त्या घटनेत एक कलम असंही होतं की बोलणाऱ्याला मध्येच थांबवायचं नाही. या कलमामुळेच काकांच्या हाती माईक कधी द्यायचा नाही, हे मंडळात सगळ्यांचं न बोलता ठरलेलं होतं.

गणपतीचा कार्यक्रम शाळेच्या कॅफेटेरियात असायचा. मी गणपतीला हात जोडत नाही. आमच्या घरात ते नाही. पण वर्षातून एकदा एवढी मराठी कानावर पडते, लेकीला मैत्रिणी मिळतात, म्हणून आम्ही जायचो. त्या वर्षी महाप्रसादाचा मसालेभात कोण करणार, असं ग्रुपवर विचारलं गेलं आणि मी लिहिलं, "मी करते." देवासाठी नाही, जेवणाऱ्यांसाठी. थोडा वेळ कोणी काही लिहिलंच नाही. मग अध्यक्ष असलेल्या ताईंनी अंगठा टाकला. खोटं कशाला सांगू, तो अंगठा पाहून मला इतका आनंद झाला, इतका! माझ्या आजीने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची भांडी घासली, पण तिच्या हातचं पाणी त्या घरात कोणी प्यालं नव्हतं. आणि इथे चाळीस घरं माझ्या हातचा भात जेवणार होती.

भात झक्कास झाला होता. दहा वाजता गरमागरम ट्रे घेऊन मी कॅफेटेरियात पोचले. शाळेच्या ओव्हनमध्ये ठेवते म्हटलं, तर ताई म्हणाल्या, "अगं नको नको! त्यात पोरांचे मांस घातलेले पेपरोनी पिझ्झे भाजतात. नैवेद्याचं त्यात कसं ठेवायचं?" बरं, फ्रीज? "फ्रीजमधलं म्हणजे शिळंच की ते." मग ट्रे टॉवेलांत गुंडाळून मागच्या टेबलावर ठेवले. आधी आरती, मग नैवेद्य, मग बारा वाजता जेवण, असं ठरलेलं. तोपर्यंत काही झालं नसतं.

पण प्रमुख पाहुण्यांचा फोन आला, येता येत नाही म्हणून. कार्यक्रमात भोक पडलं. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं, कोणी तयार होईना. शेवटी कपाळाला हात लावून त्या काकांकडे गेल्या. "काका, दहा मिनिटं बोलाल? मुलांना कळेल असं?"

काका या दहा मिनिटांची कित्येक वर्षं वाट बघत होते. उठले, कोट नीट केला, माईक हातात घेतला. "याला तुम्ही बुद्धीची देवता म्हणता. ठीक. मी बुद्धीबद्दल बोलतो." पहिली दहा मिनिटं फार सुंदर बोलले हो! पोरंसुद्धा ऐकत होती. मग जज्जसाहेब आले. मग इंग्रज डॉक्टर. मग पतंगवाले आले आणि त्यांची वीजही आली. मागून मसालेभाताचा वास येतोय, पोरं आयांचे पदर ओढतायत, ताई घड्याळाकडे बघून डोळे मोठे करतायत, आणि काका प्रशियाच्या मास्तरांबरोबर फिरायला निघालेले. थांबवणार कोण? कलम होतं ना! भाषण संपलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला, तो निव्वळ सुटकेचा होता. त्यानंतर आरत्या. एक नाही, सगळ्या. पानं वाढली तेव्हा तीन वाजून गेले होते.

मी वाढत होते. माझ्यापर्यंत भात उरला नाही. पोळी आणि बटाट्याच्या भाजीवर भागवलं.

संध्याकाळी फोन सुरू झाले. याला उलट्या, त्याला उलट्या, अर्धं मंडळ बाथरूममध्ये. काकाही खाली ओकत होते आणि मला जिन्यातून ओरडून सांगत होते, "वेळ लिहून ठेव! किती वाजता सुरू झालं ते महत्त्वाचं आहे!" सगळे एक-दोन दिवसांत बरे झाले. पण ताईंची आई पुण्याहून आली होती, ऐंशीच्या पुढच्या आजी. त्यांना हॉस्पिटलमध्ये नेऊन सलाईन लावावं लागलं. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांचा राग मी समजू शकते.

पण ग्रुपवर जे आलं ते मला समजून घ्यायचं नव्हतं. आधी आलं, "भातच होता." मग आलं, "करणाऱ्यांनी स्वतः खाल्ला नाही म्हणे." मग एकाने लिहिलं, "स्वच्छतेच्या सवयी घराघरांत वेगळ्या असतात." आणि मग आला तो प्रस्ताव: यापुढे महाप्रसादाचा स्वयंपाक आपल्या पद्धती माहीत असलेल्या, समितीने ठरवलेल्या घरांतूनच यावा. दोन आठवड्यांनी सर्वसाधारण सभेत मतदान.

आपल्या पद्धती! ठरवलेली घरं कोणती असणार, हे मला सांगायला कोणी लागणार नव्हतं. नवरा म्हणाला, "सोड ना यार. दुसरं मंडळ बघू. नाहीतर कॅन्सलच करू हे मंडळ-बिंडळ." मी म्हटलं, "तू कर कॅन्सल. आजीच्या वेळी सोडलं, आईच्या वेळी सोडलं. मी काहून सोडू?" आणि मग मी रडले, चांगली ओक्साबोक्शी रडले. माझ्या हातून ताईंच्या आई आजारी पडल्या असतील तर, हीसुद्धा भीती होतीच ना.

काका वर आले. माझं रडणं पाहिलं. "रडून झालं की खाली ये," म्हणाले. "आरोपीचं ऐकल्याशिवाय निकाल नाही. आणि पुरावा तपासल्याशिवाय आरोपीसुद्धा नाही."

शनिवारी त्यांनी मला तोच भात तसाच करायला लावला. तेच तांदूळ, तेच ट्रे, तेच टॉवेल. सकाळी दहाला ट्रे त्यांच्या टेबलावर, थर्मामीटर भातात खोचलेला. "भात गरम असला तर जंतू वाढत नाहीत, गार असला तर झोपतात," काका सांगत होते. "कोमट भात म्हणजे त्यांचं पाळणाघर. आणि त्यांनी एकदा विष करून ठेवलं, की नंतर कितीही गरम करा, जात नाही. आता बघू, कोमट किती वेळ राहतो."

"मग बसायचं नुसतं?" मी विचारलं.

"नुसतं कसं? त्या दिवशी जे जे झालं ते सगळं व्हायला हवं. नाहीतर प्रयोग खोटा." असं म्हणून त्यांनी कोट चढवला, भाताच्या ट्रेसमोर उभे राहिले आणि ते सगळं भाषण पहिल्यापासून करायला लागले!

देवाशप्पथ सांगते... मी देव मानत नाही, तरी सांगते, हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. लेक म्हणाली, "अगेन?" आणि टेबलावर डोकं ठेवून झोपली. काका हातवारे करतायत, भाताला सांगतायत की सत्तेचे तीन भाग का हवेत, आणि भात ऐकून घेतोय. मध्ये मध्ये थर्मामीटर बघून आकडा मोठ्याने म्हणायचे आणि परत बोलायला लागायचे. जज्जसाहेब आले तेव्हा भात अजून गरम होता. डॉक्टरपर्यंत ठीक होता. पतंगवाले आले आणि काकांचा आवाज जरा बसला. मास्तर फिरायला निघाले आणि काका बोलता बोलता थांबले.

थर्मामीटर काढला. पुसला. परत घातला, परत बघितला. खुर्च्यांकडे गेले, पण कुठल्या खुर्चीत बसावं ते कळेना, म्हणून उभेच राहिले.

"काका?"

"ओव्हनमध्ये ठेवला असता तर झालं नसतं," ते म्हणाले. "आणि मी दहा मिनिटांत थांबलो असतो तरी झालं नसतं." मग म्हणाले, "आरोपीची खुर्ची मी कधी ठेवलीच नाही बघ."

मला त्यांची दया आली. म्हटलं, "काका, सभेत ओव्हनचं सांगा. तेवढं पुरे. तुमचं कशाला मध्ये आणता? त्या दिवशी किती वर्षांनी बोललात तुम्ही."

काका माझ्यावर ओरडले. एवढ्या वर्षांत तेवढं एकदाच. "चोर सोडून संन्याशाला फाशी नको म्हणायचं, आणि दोन चोरांतला एक आपण लपवायचा? कोणत्या तोंडाने सांगू मी लोकांना, विचार करा म्हणून?"

सभा लायब्ररीच्या हॉलमध्ये होती. सभेनंतर नेहमी पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने आणलेल्या पदार्थांचं जेवण असायचं. जेवण नसतं तर सभेला कोण येतंय! मी त्या सकाळी काय केलं असेल? मसालेभात केला. मोठं पातेलं भरून. नवरा म्हणाला, "अगं, हे म्हणजे मुद्दाम..." मी म्हटलं, "हो, मुद्दाम." काकांनी विजेची शेगडी दिली. पातेलं हॉलच्या मागच्या टेबलावर वाफाळत ठेवलं. येणारा प्रत्येक जण ते बघायचा आणि लांबची खुर्ची पकडायचा. आजी मात्र अगदी पुढे येऊन बसल्या होत्या, शाल गुंडाळून.

ताईंनी प्रस्ताव वाचला. काका उठले.

"माझा एकच प्रश्न आहे. त्या दिवशी नैवेद्याच्या आधी, बाराच्या सुमाराला, तो भात कोणी खाल्ला होता का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नैवेद्याच्या आधी खाल्लं असं कबूल कोण करणार? काका उभेच राहिले. त्यांना उभं राहण्याचा कंटाळा येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी एक हात वर आला. ताईंच्या नवऱ्याचा. ताई चाट पडल्या. "अगं, शुगर लो झाली होती," तो बिचारा म्हणाला. "मागे जाऊन एक प्लेट... म्हणजे दोन प्लेट खाल्ल्या. मला काहीच झालं नाही."

"तोच भात, तोच ट्रे, तेच हात," काका म्हणाले. "बाराला खाणारा ठणठणीत, तीनला खाणारे आडवे. म्हणजे दोष हातात नाही, मधल्या वेळात आहे." मग त्यांनी शनिवारचा प्रयोग सांगितला. जंतू, पाळणाघर, सगळं. आणि गंमत म्हणजे थोडक्यात सांगितलं. "गुन्हेगार दोन. भात ओव्हनमध्ये ठेवू न देणारी समजूत, हा एक. दुसरा मी. मला दहा मिनिटं दिली होती. मी माझ्याच आवाजाच्या प्रेमात पडलो आणि आजींना सलाईन लागलं. आजी, मी तुमची माफी मागतो. शिक्षाही मीच सुचवतो: या मंडळात यापुढे मी जेवणाच्या रांगेत शेवटी उभा राहीन."

कोणीतरी हसलं. हवा जरा सैल झाली. मला वाटलं, संपलं. सुटले मी!

तेवढ्यात ताई म्हणाल्या, "ते ठीक आहे काका. कारण कळलं, बरं झालं. पण प्रस्ताव राहू दे. सेफ्टी म्हणून."

काका हळूच म्हणाले, "भाताचा दोष नाही हे कळल्यावरही प्रस्ताव राहतो. म्हणजे प्रस्ताव भातासाठी नव्हता." ताईंचा चेहरा लाल झाला. "काका, तुम्ही उगाच एवढ्याशा गोष्टीचा..."

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो!" काका गरजले.

"अहो, मी जिवंत आहे!" आजी पुढच्या रांगेतून म्हणाल्या. तेव्हा मात्र सगळा हॉल हसला, ताईसुद्धा.

काका खूश झाले. वारं फिरलंय हे त्यांना दिसत होतं. हात चोळत म्हणाले, "चला, घेऊ या मतदान. हात वर..."

"नाही," मी म्हटलं.

मी उभी होते. कधी उठले ते मला कळलं नव्हतं. आवाज स्वच्छ निघाला. "मतदान नको. काका, तुम्ही जिंकून द्याल मला आज, माहितेय मला. पण आज माझ्या बाजूने हात वर आले, तर पुढच्या वर्षी ते खालीही जाऊ शकतात. माझ्या हातचं खायचं की नाही हे ज्याने त्याने आपल्या पोटाला विचारावं. नका खाऊ! पण माझं घर चालतं की नाही, हे हात वर करून ठरवायचा अधिकार या हॉलमध्ये कोणालाच नाही. तुम्हालाही नाही. मला हा प्रस्ताव हरवायचा नाहीये. तो मागे घ्यायला हवा. ज्यांनी आणला त्यांनी, त्यांच्या तोंडाने."

काकांचा हात अर्धा वर तसाच राहिला. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचं डोकं आतमध्ये चालताना मला दिसत होतं. मग त्यांनी हात खाली घेतला. "हिचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं. काही गोष्टी मताला टाकायच्या नसतात." आणि ते खाली बसले. ताईंकडे बघत बसले. आम्ही सगळेच ताईंकडे बघत बसलो.

ताई कागदाकडे बघत होत्या. आईकडे बघितलं. आजी नुसत्या शाल सारखी करत राहिल्या. खूप वेळाने ताई म्हणाल्या, "मी प्रस्ताव मागे घेते." आवाज लहान होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

सभा संपली. काही जण कोट चढवून तडक निघाले. पार्किंगमधून गाड्या बाहेर पडल्याचा आवाज आला. त्या कोणाच्या होत्या ते मला अजून पाठ आहे. बाकीचे टेबलाभोवती घुटमळत होते आणि पहिलं ताट कोण पुढे करतं ते बघत होते. आजी काठी टेकत आल्या. "वाढ गं. त्या दिवशीचा राहून गेलाय माझा, पोटात टिकलाच नाही." मी वाढला. त्यांच्या मागे ताईंचे यजमान, मग ताई, मग रांग लागली. आणि जो तो म्हणत होता, "वा, काय सुंदर! अप्रतिम! हाताला चव आहे हं तुमच्या!" एवढं कौतुक कोणी भाताचं करत नाही. ते मला ऐकू यावं म्हणून होतं. जन्मभर मी हेच ऐकत आलेय: एकतर लोक आमच्याकडे खात नाहीत, नाहीतर खाल्लं की असे भरभरून बोलतात. भाताबद्दल कोणीच बोलत नाही.

काका रांगेत शेवटचे. त्यांच्यापर्यंत पातेलं रिकामं झालं. बुडाला लागलेली खरवड मी उलथण्याने काढली आणि त्यांच्या ताटात घातली. उभ्या उभ्या त्यांनी एक घास खाल्ला, नीट चावला, विचार केला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मी दुसरा घास बोटांनी उचलून स्वतः चाखला. खरंच कमी होतं. मी त्या भरल्या हॉलमध्ये मोठ्याने हसले आणि त्यांना मीठ आणून दिलं.